गजावरची खूण

बरेच विकांत इथे काही टंकलं नाही. हापिसात रिलीज, मग परदेशवारी, परत आल्यावर पुन्हा रिलीज, शिवाय टंकाळा आहेच. पण एक गोष्ट बरेच दिवस लिहायची राहून गेली होती, ती आज लिहूनच टाकतो. गोष्ट २०२३ च्या ऑक्टोबरमधली आहे, पण नमनाला थोडं तेल जाणार. इलाज नाही.

माझं गाव नेसरी. गडहिंग्लज तालुका, जिल्हा कोल्हापूर. कुणाला गाव सांगितलं की समोरचा 'म्हणजे प्रतापराव गुजर?' असं विचारतो आणि मी मान डोलावतो. २४ फेब्रुवारी १६७४, सात घोडेस्वार, बहलोलखानाची फौज. हे शाळेत पाठच होतं. पण नेसरी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी आमचा आज्जा येतो. परसात शेगडी पेटवून, लोखंडी पळीत शिसं वितळवत उकिडवा बसलेला.

आज्जाकडे ठासणीची एकनळी बंदूक होती. पीक संरक्षणाचा रीतसर परवाना. आमच्याकडे, आजरा-चंदगडकडे आणि घाट उतरून खाली सावंतवाडीकडे असे परवाने पुष्कळ घरांत होते. डुकरं, माकडं, गवे, सगळ्यांना भुईमूग आणि ऊस आवडतो. आज्जा मारायचा कमी आणि बार काढून हुसकायचा जास्त. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा दर खेपेचा कार्यक्रम. म्हशीला डॉक्टरकडे नेतात तितक्याच गांभीर्याने तो बंदूक घेऊन निघायचा.

गोळ्या मात्र तो घरी ओतायचा. चिमट्यासारखा दोन पाकळ्यांचा साचा होता. जाळ्याला लावायची शिशाची गुळं बाजारातून आणायची, पळीत वितळवायची आणि साच्यात ओतायची. पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघायच्या, त्या परत पळीत. "साचा अजून थंड हाय," म्हणायचा. नंतरच्या गोळ्या गुळगुळीत निघू लागल्या की एकेक गोळी तिरप्या धरलेल्या परातीत घरंगळत सोडायची. सरळ गेली तर ठेवायची. वाटेत वळली तर आत पोकळी आहे, परत पळीत! आम्हा पोरांना हा खेळ वाटायचा. क्वालिटी कंट्रोल हा शब्द मला कळायला अजून पंधरा वर्षं होती.

भरताना मात्र त्याच्याजवळ बसायचं असेल तर एक अट होती. बोलायचं नाही. शिंगातनं दारू मापात, माप नळीत, काथ्याचा बोळा, गोळी, वर पुन्हा बोळा, मग लोखंडी गजानं ठासायचं. शेवटी गज वरून सोडला की टण्‌ करून उडायला हवा. उडाला नाही तर अजून ठासायचं. या सगळ्यात कुणी "आज्जा" अशी नुसती हाक मारली तरी तो हातातलं माप परत शिंगात ओतायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. आम्हाला ही म्हाताऱ्याची खोड वाटायची. आमची आज्जी तर म्हणायची, देवपूजेला बसतानाबी एवढं गप ऱ्हात न्हाईत.

आज्जा २००८ साली गेला. बंदूक जमा केली ती केलीच. परवाना कुणाच्या नावावर करायचा यावर घरात कधी एकमत झालं नाही.

आता टेक्सास. (सांगितलं ना, नमन मोठं आहे.)

प्रोजेक्टच्या निमित्ताने तीन आठवडे ऑस्टिनला होतो. तिथे माझा आतेभाऊ राहतो. तो गडहिंग्लजचा, वीसेक वर्षांपासून तिकडे, आता तिथलाच नागरिक. याचा विकांतांचा छंद म्हणजे रिव्हॉल्वरची काडतुसं घरी भरणं. गॅरेजमध्ये प्रेस, तराजू, शिसं वितळवायची विजेची कढई, सगळा थाट. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे, तिकडे ही मंडळी आपण दिवाळीत कंदील करतो तशी काडतुसं करतात. व्हिसावर आलेल्या माणसाला मात्र तिथेही बंदूक किंवा काडतूस हाताळता येत नाही, पण शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं. दादाने ते मला पहिल्याच दिवशी ऑनलाइन काढायला लावलं. त्यामुळे आयुष्यात एक चिमणीही न मारलेला मी आज टेक्सासचा अधिकृत शिकारी होऊन गेलेलो आहे.

दादाने माझ्यापुढे एक कोडं ठेवलं. "तू सॉफ्टवेअरवाला ना? मग हे डीबग कर." त्याचं रिव्हॉल्वर ३८ स्पेशल. गोळ्या त्याने स्वतः ओतलेल्या, शिशात थोडं कथील आणि अँटिमनी घालून, १५८ ग्रेन वजनाच्या. नळीसमोर क्रोनोग्राफ लावायचा. त्यात प्रकाशाचे दोन पडदे ठरावीक अंतरावर असतात आणि गोळी पहिला पडदा ओलांडल्यापासून दुसरा ओलांडेपर्यंतच्या वेळेवरून वेग निघतो. (ही सोय नव्हती तेव्हा इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गृहस्थाने लाकडाचा जड लंबक टांगून त्यात गोळी मारली आणि लंबक किती झुलला त्यावरून वेग काढला. पुस्तक १७४२ चं. या माणसाला सलाम.) दादाचा सरासरी वेग सेकंदाला ७४१ फूट, म्हणजे अपेक्षेच्या आसपासच. पण तीस बारांत सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांच्यात ११८ फुटांचा फरक. स्टँडर्ड डेव्हिएशन २९.

माझा पहिला प्रश्न, यानं बिघडतं काय? हिशेब केला. २५ यार्डांवर गोळी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात पोचते आणि तेवढ्यात जेमतेम दोन इंच खाली येते. वेगात पंधरा टक्के फरक पडला तरी लक्ष्यावर अर्ध्या-पाऊण इंचाचाच फरक. माझा हातच त्यापेक्षा दहापट हलतो! ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफलीची गोष्ट वेगळी. तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे. त्या गोळीच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर ती सातेक मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणून आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, किंवा तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ज्यात जागतिक सुवर्ण मिळवलं, त्या प्रकारांत नेमबाज काडतुसांचा लॉट आपल्या रायफलीतून तपासून निवडतात. काही तर त्यासाठी कारखान्याच्या टेस्ट रेंजपर्यंत जातात. राधानगरी तालुक्यातला पोरगा आणि सहा-सात मिलिमीटर, विषय गंभीर आहे. पण आपण दोघं गॅरेजवाले, आपल्याला काय करायचंय?

दादा म्हणाला, "लेका, वेग गोळीसाठी मोजत नाही मी. माझ्या हातासाठी मोजतो. आकडे पसरले की समजायचं, कुठंतरी एक गोष्ट आपण दर वेळी वेगळी करतोय."

हे पटलं. आपल्या सर्व्हरची सरासरी लेटन्सी झकास असते आणि शेवटच्या एक टक्क्यातली माणसं शिव्या घालत असतात, तसलंच हे.

मग काय, अंगात आलं. पहिला संशय अर्थातच गोळीच्या वजनावर. कोल्हापूरकडचा माणूस ओतकामावर संशय घेतला नाही तर शोभत नाही. माझा मामा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत होता. 'ब्लो होल' हा शब्द मी मराठीच समजत होतो. शनिवारभर दोनशे गोळ्या तोलल्या, वजनाप्रमाणे गट पाडले आणि हलक्या निघाल्या त्या वितळवल्या. रविवारी तीस बार. स्टँडर्ड डेव्हिएशन किती? २८. म्हणजे दिवसभर तराजूवर डोळे फोडून एक फूट कमवला, आणि तोही खरा की योगायोग कोण जाणे. नीट ओतलेल्या गोळ्यांत एखाद्या टक्क्याचा फरक असतो आणि तेवढ्यानं वेगाला फारसं काही होत नाही. प्रोफायलर न लावता कोड ऑप्टिमाइझ करायला बसलं की जे होतं तेच झालं.

इथे एक तांत्रिक भानगड सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाळा. पाचच बार मारून आलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनवर विश्वास ठेवू नये. पाच बारांत २० आला, तर खरा आकडा १२ पासून ५७ पर्यंत कुठेही असू शकतो (९५ टक्के खात्रीने). तीस बारांत २० आला तर तो साधारण १६ ते २७ मध्ये असतो. म्हणजे पाच-पाच बार मारून 'हा बदल केल्यावर फरक पडला बघा' म्हणणारे पुष्कळसे लोक नाणी उडवत असतात. आमच्या हापिसातले बेंचमार्कही त्यातलेच, पण ते असो.

खरं दुखणं दुसरीकडे होतं. ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं आणि त्याची पुंगळी काळ्या दारूच्या हिशेबाने बनवलेली. काळी दारू भरपूर लागायची. आजची बिनधुराची दारू त्या मानाने चिमूटभर. म्हणजे पुंगळीत वर मोकळी जागाच जागा. रिव्हॉल्वर आडवं धरलं की दारू पसरते, नळी खाली करून वर आणली तर ती गोळीकडे सरकलेली असते, आणि नळी वर करून खाली आणली तर मागे, प्रायमरपाशी. प्रायमरची ठिणगी दर वेळी वेगळ्या ढिगाला भेटते. आम्ही समोरच्या मातीच्या बांधाकडे तोंड ठेवूनच दहा बार आधी नळी उचलून मारले आणि दहा बार आधी नळी झुकवून. दोन सरासऱ्यांत ५५ फुटांचा फरक! दारू तीच, गोळी तीच, फक्त बार काढण्याआधीची मनगटाची लकब वेगळी.

दुसरं दुखणं पुंगळ्यांचं. दादाच्या डब्यात चार-पाच कंपन्यांच्या पुंगळ्या एकत्र होत्या. कुणाची भिंत जाड, कुणाची पातळ, लांबीही कमी-जास्त. शेवटी पुंगळीची कड गोळीवर मुडपतात, त्याला ही मंडळी क्रिंप म्हणतात. लांब पुंगळी जास्त मुडपली जाते, आखूड कमी. घट्ट धरलेली गोळी सुटेपर्यंत आत दाब जास्त चढतो, सैल असली तर ती दाब चढायच्या आधीच निघते. एकाच कंपनीच्या पुंगळ्या निवडल्या, सगळ्या एका लांबीच्या कापल्या, आणि दारूच्या मापाचा दांडा दर वेळी त्याच लयीत वर-खाली करायचा असं ठरवलं. लय तुटली की ते माप परत डब्यात.

(हे लिहिताना आता लख्ख दिसतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.)

दुसऱ्या विकांताला तीस बार, सरासरी ७५२, स्टँडर्ड डेव्हिएशन १२. दादाने मला मिठीच मारली. आणि आकडे शांत झाल्यावर आणखी एक गंमत दिसली. रिव्हॉल्वरच्या सहा घरांना आम्ही मार्करने नंबर दिले होते. चौथ्या घराच्या गोळ्या बाकीच्यांपेक्षा पंधरा फूट मंद निघाल्या. रिव्हॉल्वरमध्ये फिरणारी चकती आणि नळी यांच्यात कागदाच्या जाडीइतकी फट असतेच, तिथून थोडा वायू निसटतो. शिवाय प्रत्येक घराचं तोंड केसभर कमी-जास्त असतं. हा फरक पहिल्या लॉटमध्येही असणार, पण तेव्हा गोंगाटात बुडालेला होता. मला एखादा अवघड बग सापडल्याचा आनंद झाला. एक्सेलमध्ये आलेख बिलेख काढून ठेवले.

तिसरा विकांत. शनिवारी सकाळी दादा मुलीला पोहायच्या क्लासला सोडायला गेला होता. मी एकटाच गॅरेजमध्ये. आता मला सगळं येत होतं ना! साठ पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या केल्या आणि दांडा वर-खाली, दांडा वर-खाली, झकास लय लागली होती. तेवढ्यात व्हॉट्सॅपवर आण्णांचा फोन. इथे सकाळचे नऊ म्हणजे नेसरीत संध्याकाळचे साडेसात.

आण्णा सहसा आपणहून फोन करत नाहीत, म्हणून उचलला. "वरच्या पट्टीतला भुईमूग डुकरांनी उकरला. काढणीला चार दिवस ऱ्हायलं हुतं." मग थोडं थांबून, "मी काय म्हणतो, आज्जाची बंदूक तुझ्या नावावर करून घिऊया का? माझं आता वय झालं. तू अर्ज कर." मी म्हटलं, आण्णा, मी पुण्यात असतो, बंदूक घेऊन काय करू? ते म्हणाले, "सुट्टीला येतोस की." दहा मिनिटं बोललो असेन. एक हात फोनला, एक हात दांड्यावर. बोलता बोलता दांडा चालूच होता की थांबला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

दादाचा एक नियम होता. गोळ्या बसवायच्या आधी ठोकळ्यावर बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं, दारूची पातळी सारखी दिसते का बघायचं. मी बॅटरी मारली. निदान मारली असं वाटतं. डोक्यात भुईमूग होता.

रविवारी रेंजवर गेलो. दादा घड्याळ लावून उभा, सहा बार, वेळ लावून. धाड, धाड, धाड, आणि चौथा नुसता 'फट्‌'. हाताला धक्का नाही, क्रोनोग्राफवर आकडा नाही. या सगळ्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला असता तर बरं झालं असतं. पण वेळ लावलेली होती आणि माझं बोट पाचव्या बारासाठी चाप दाबू लागलं होतं. दादाने ओरडायच्या आधी माझ्या मनगटावर हात ठेवला. ओरडला नंतर. काय ओरडला ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नाही, पण अस्सल गडहिंग्लजचं होतं.

त्याने चकती बाहेर काढली, उरलेली काडतुसं टेबलावर ओतली आणि पितळी गज नळीच्या तोंडातून आत सोडला. गज निम्म्यातच अडला. तिथे त्याने अंगठ्याच्या नखाने गजावर जागा धरली आणि गज बाहेर काढून नळीला बाजूने लावून दाखवला. गोळी मधोमध बसलेली होती. त्या पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी घरातून निघाली आणि नळीत अडकली. पाचवी गोळी तिच्या मागून पूर्ण जोरात आली असती तर नळी फुगली असती किंवा फुटली असती. माझा डावा हात तिथेच होता.

दादा नंतर काही बोलला नाही. रेंजवरच्या म्हाताऱ्याने लाकडी हातोडी आणली, गोळी हळूहळू ठोकून काढली, आणि आम्ही उरलेली छपन्न काडतुसं घेऊन घरी आलो.

आता या छपन्नात आणखी एखादं तसलं नाही कशावरून? मी म्हटलं, तोलूया, हलकं लागेल ते रिकामं. दादाने तराजू पुढे केला आणि 'तोल' म्हणाला. तोलत गेलो तसं लक्षात आलं की हे होणार नाही. दारूच इतकी थोडी, की पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातले बारीकसारीक फरक मिळून ते वजन गिळून टाकतात. हलकं लागलेलं काडतूस रिकामं असेल किंवा नुसतंच हलक्या पुंगळीचं असेल. उलटही तेच. जिथे दोनदा दारू पडली असेल तेही ओळखू येणार नाही, आणि मोकळ्या पुंगळीत दोन मापं सहज मावतात. माझा १२ चा स्टँडर्ड डेव्हिएशन, घरागणिक आलेख, सगळं जागच्या जागी होतं आणि त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता. ते आकडे नळीतून बाहेर आलेल्या गोळ्यांचे होते.

रात्री अकरापर्यंत आम्ही छपन्न काडतुसं फोडली. प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवून फरशीवर आपटायचं, की गोळी आणि दारू वेगळी होते. प्रत्येक वेळी दादा वाटीत बघायचा आणि म्हणायचा, "हाय." छपन्न वेळा 'हाय'. चूक एकच होती, आणि ती माझ्या हाताखाली आधीच येऊन गेली होती.

झोप आली नाही. नेसरीत सकाळ झाली होती. आण्णांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "माझा फोन आल्ता तवाच का?"

मी हो म्हटलं.

"तुझ्या धाकट्या आज्जाची बोटं चरकात गेली न्हवती," ते म्हणाले.

धाकटा आज्जा म्हणजे आज्जाचा भाऊ. डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. आम्ही लहानपणापासून ऐकलेलं, की गुऱ्हाळावर ऊस सारताना चरकात गेली. कोल्हापूर जिल्ह्यात ही गोष्ट कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, प्रत्येक गावात असा एखादा माणूस असतोच. खरं असं होतं, की एका रात्री राखणीला तो बंदूक भरत होता, शेजारच्या माळावरून कुणीतरी हाक मारली, तो ओ देत उठला, आणि परत येऊन त्याने भरलेल्या बंदुकीत पुन्हा भरलं. दारू, बोळा, गोळी, सगळं दोनदा. नळी मागच्या बाजूला फाटली. बंदूक आज्जाच्या परवान्यावर होती आणि भावाच्या हातात होती. म्हणून गुऱ्हाळ. फाटलेली नळी कशी निस्तरली ते आण्णांनाही सांगितलं गेलं नव्हतं, पुढे दुसरी बंदूक आली एवढंच त्यांना आठवतं.

"त्येच्यानंतर आज्जानं गजावर खुणा केल्या. दोन. माळ्यावर आसंल गज, बंदूक जमा केली तवा त्यो घरातच ऱ्हायला."

त्या दिवाळीत नेसरीला गेलो तेव्हा पहिल्यांदा माळ्यावर चढलो. साचा सापडला, पळी सापडली, आणि गज. गंजलेला, पण बोट फिरवलं की खाचा लागतात. कानशीने घातलेल्या दोन खाचा. नळी रिकामी असताना गज सोडला की नळीच्या तोंडाशी वरची खाच येणार. भरलेली असेल तर गज तेवढा वर राहणार आणि तोंडाशी खालची खाच येणार. दोनदा भरलेली असेल तर खालचीही खाच बाहेर. दोन खाचांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं. पावणेतीन इंच. हाताच्या लयीवर, गप्प बसण्यावर, गजाच्या टण्‌ करण्यावर एवढा भर देणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातावर तेवढा विश्वास ठेवलेला नव्हता. लहानपणी मी त्याला भरून झाल्यावर गज पुन्हा आत सोडून वाकून बघताना पाहिलेलं आहे. मला वाटायचं, गज नीट बसला का बघतोय.

अर्ज मी केला नाही. आण्णांना सरळ सांगितलं, वर्षातून दोनदा सुट्टीला येणाऱ्या हाताचं हे काम नाही. त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण चरकाचा विषय निघाल्यापासून त्यांनी तो आग्रह सोडला. त्याऐवजी झटका मशीन घेतलं. शेताभोवती तार, सोलर पॅनेल, बॅटरी, आणि बांधावर उभं राहिलं की टक्‌... टक्‌... टक्‌. मी मोबाइलवर रेकॉर्ड करून दोन टकांमधला वेळ मोजला, सवयच ती. अगदी सारखा. पहिलं वर्ष भुईमूग वाचला. दुसऱ्या वर्षी ओढ्याच्या अंगाला, जिथे तार जमिनीपासून जरा वर राहिली होती, तिथून डुकरं आत आली आणि दोन रात्रींत अर्धी पट्टी उकरून गेली. वनखात्याकडून पंचनामा झाला, पैसे यायचेत.

आण्णा आता रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन तारेखालून फिरतात. हातात आज्जाचा गज असतो. तार जमिनीपासून किती वर आहे ते गज उभा धरून बघतात, आणि कुठे वर आहे हे लक्षात राहावं म्हणून त्यावर त्यांनी खडूने तिसरी रेघ ओढली आहे.